स्तोइमेनकाकांचा कान

३ मार्च
आले एकदाची. खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसते. सोफियाहून निघताना आई म्हणाली होती, एवढी शिकलीस आणि चाकं ओतणाऱ्यांत चाललीस? पण मला आवडलं इथे. मनुष्यबळ विभागात मी एकटीच. कोणाला काय येतं ते नोंदवायचं आणि कारखान्याला पाच पायऱ्या चढवायच्या. पहिल्या पायरीवर हुन्नर एका माणसाच्या डोक्यात असतं. पाचवीवर ते कारखान्याचं होतं, माणूस असो नसो. तपासणीवरच्या स्तोइमेनकाकांनी इथल्या रिवाजाप्रमाणे माझ्या मनगटाला मार्चचा लाल-पांढरा शुभ दोरा बांधला. म्हणाले, रालित्सा, आता तू आमची.

११ मार्च
काका दातेरी चाक टांगतात, छोट्या हातोडीने टिचकी मारतात आणि डोळे मिटून ऐकतात. आत केसाएवढी चीर असली तरी त्यांना कळते. अडतीस वर्षांत चुकले नाहीत म्हणे. संचालकांनी आता यंत्र आणलंय: हातोडी धरलेला पोलादी हात, ऐकायला माइक, वर लाल-हिरवा दिवा. त्याला काकांनी शिकवायचं. ते राजी नव्हते, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. नेदेल्काकाकूंनी चीज भरलेली गरम बनित्सा वाढली. मी काकांना म्हणाले, "यंत्र शिकलं तरी त्याला गुरू लागणारच. तुमची जागा जात नाही. शब्द देते."
काका म्हणाले, "तू म्हणतेस ना पोरी, मग झालं."
असा शब्द द्यायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

२४ एप्रिल
सहा आठवडे काका यंत्रापाशी बसले. हातचं काही राखलं नाही. काल यंत्राने शंभरात शंभर चाकं ओळखली.
आज संचालकांनी काकांचा मूल्यमापनाचा फॉर्म मागितला. काढायचं तर कारण हवं, म्हणाले. 'बदलाची तयारी' या रकान्यात मी पाचपैकी एक गुण लिहिला. सही केली.

२९ एप्रिल
कामावरून काढल्याचा कागद, फॉर्मसकट, मीच काकांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला.
"एक?"
एवढंच विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

१६ मे
फाटकावर काळ्या चौकटीचा कागद. फोटोत काका. झोपेतच गेले म्हणतात. ओतकामातला तान्को अगदी सभ्यपणे म्हणाला, "बाई, तुम्ही फुलं आणू नका."

२ जून
यंत्र चांगल्या चाकांना लाल दिवा दाखवतंय. तंत्रज्ञांनी सात चाकं कापून पाहिली. आत काही नाही.

५ जून
दिवा कधी लाल होतो ते तान्कोच्या लक्षात आलं. त्याने मला तपासणीच्या शेडबाहेर जायला सांगितलं. मग आत. परत बाहेर, परत आत. तीनदा. मी आत असले की लाल, बाहेर गेले की हिरवा.
कोणी हसलं नाही.

१२ जून
खाली जात नाही आता. तरी टिचकी ऐकू येते. कँटीनमध्ये. जिन्यात. दुपारी आईशी फोनवर बोलताना — आईने विचारलं, तिकडे कोण ठोकतंय?

१९ जून
काकूंकडे गेले. सगळं सांगितलं, तो एक गुणसुद्धा. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "स्तोइमेनला कळलं होतं. म्हणायचा, पोर चांगली आहे. आत चीर आहे, पण ते तिचं तिला ठाऊक असेल."

२४ जून
काका गेल्याचा चाळिसावा दिवस. काकूंनी फाटकात त्यांच्या नावाने उकडलेले गहू वाटले. मलाही दिले.
संचालकांकडे गेले, फॉर्म बदला म्हटलं. गेलेल्या माणसाचा फॉर्म बदलत नाही, म्हणाले.

त्याच दिवशी, जेवणाची सुट्टी
शेडमध्ये यंत्रापाशी बसून लिहितेय. सगळ्यांसमोर सांगितलं — शब्द दिला तो मी, मोडला तो मी. तान्कोने टोपी काढली.
वीज बंद आहे. तान्कोनेच केली, मी पाहिलं. तरी दिवा लाल —
हातोडी वर गेली. टांगायच्या आकड्याला चाक नाही.
थांबलीय. काका थांबायचे तशी. ऐकायच्या आधी.
तान्को बाई बाई म्हणून ओरडतोय. मला फक्त माझा आवाज कसा येतो ते ऐकायचंय. एकदाच. डावा हात ठेवतेय हातोडीखाली, उजव्याने लिहि