ओठांकडच्या दोन फांद्या

९ जानेवारी, गुरुवार

कानाच्या पाळीखालची गाठ वाढली आहे. मनाचे खेळ नाहीत! बारा वर्षं वाटाण्याएवढी होती — दुखत नव्हती, म्हणून मीही तिच्या वाटेला गेले नाही. आज केस विंचरताना फणी अडली. अक्रोडाएवढी झाली आहे.

हाल्वरला सांगितलं नाही. नवऱ्यापासून लपवणं सोपं नाही — जेवताना तो सारखा माझ्या तोंडाकडेच बघत असतो. गळ्याभोवती लोकरीचा रुमाल गुंडाळून बसले. थंडी आहेच.

१४ जानेवारी

आमच्या गावच्या डॉ. हेग्दालांकडे गेले. त्यांनी जिभेवर लिंबाची आंबट गोळी ठेवायला दिली आणि घड्याळ बघत बसले.

"खडा असेल तर आत्ता फुगेल," म्हणाले. लाळेच्या नळीतही खडे होतात म्हणे! आंबट लागलं की लाळ सुटते, पुढे वाट बंद — मग ग्रंथी तुंबते आणि कळ येते. म्हणून अशा माणसाला नेमकं जेवतानाच दुखतं.

मला काहीच झालं नाही. गोळी विरघळून गेली.

"खडा असता तर बरं झालं असतं, सिगरुन," ते म्हणाले आणि त्रोन्हाइमच्या इस्पितळाला चिठ्ठी लिहायला बसले.

२८ जानेवारी

गाठीत सुई घालून नमुना घेतला. हाल्वरला सांगितलं, दात दाखवायला गेले होते.

६ फेब्रुवारी

वाईट पेशी निघाल्या.

सर्जन बाई आहेत — डॉ. लिंदविक. कागदावर चेहरा काढून समजावलं. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या — कानापुढे, जबड्याखाली, जिभेखाली. शिवाय ओठांत, गालांत शेकडो बारक्या. दिवसाला जवळजवळ लिटरभर लाळ! मी एकसष्ट वर्षं नुसती गिळत आले.

"तुमची गाठ कानापुढच्या ग्रंथीत आहे," त्या म्हणाल्या. "आणि चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीच्या पोटातून जाते. आत शिरली की तिला फांद्या फुटतात. कपाळ, डोळा, गाल, ओठ, हनुवटी."

"लाळेला नस कशाला लागते ती?"

"नाही लागत. नुसता शेजार आहे."

शेजार! गाठ फांद्यांना चिकटली असेल तर त्या फांद्याही कापाव्या लागतील. त्यासाठी माझी आधी सही हवी.

"ओठांचं काय होईल?" मी विचारलं.

"डावी बाजू लोंबेल. बोलणं थोडं बोबडं होईल, पण लोकांना कळेल."

"लोकांना ऐकू येतं," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याला येत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

७ फेब्रुवारी

हाल्वर एकतीस वर्षांचा होता. मेंदूज्वर झाला, नऊ दिवसांनी ताप उतरला, कान कायमचे गेले. आमची मुलगी मारेन तेव्हा दोन वर्षांची. हातांची भाषा शिक म्हटलं तर म्हणाला, "हात मला होड्या बांधायला लागतात." मग तो माझे ओठ वाचायला शिकला. इतरांचं अर्धमुर्धं कळतं, माझं सगळं. होडीच्या कारखान्यात लोकांपुढे मान डोलावतो आणि घरी येऊन मला विचारतो, "तो काय म्हणत होता गं?"

मी गेले तर तो एकटा. पण माझं तोंड गेलं तरी एकटाच ना?

८ फेब्रुवारी

फॉर्म भरला. 'नस कापू नये.' पाकीट बंद केलं.

१२ फेब्रुवारी

मारेनला फोनवर सांगून बसले होते, कुणाला सांगू नकोस म्हणून. तिने बापाला सगळं लिहून कळवलं.

तो भर दुपारी घरी आला. अंगावर लाकडाचा भुसा तसाच. आपला आवाज केवढा निघतो ते त्याला कळत नाही, एरवी शेजारपाजाऱ्यांना ऐकू जातं. आज मलाच कान द्यावा लागला.

"मला का नाही विचारलंस?"

"माझे ओठ गेले तर तू कुणाशी बोलशील?"

त्याने ते वाचलं. खुर्चीत बसला. म्हणाला, "दारामागे तुझा कोट टांगलेला असला की मला पुरतं गं. तू घरात असलीस की झालं. कापू दे."

मी मान हलवली — नाही.

"सिगरुन, मी तुझ्याजवळ आजवर काही मागितलं नाही."

खरं आहे. दुसरा फॉर्म मागवला.

३ मार्च

उद्या इस्पितळात. रात्रीचं जेवण लवकर उरकलं. हाल्वर समोर बसला. "बोल," म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही."

मग मी फेरीबोटीचं वेळापत्रक वाचून दाखवलं. सबंध. तो एक शब्द सोडत नव्हता.

७ मार्च

डॉ. लिंदविक उशाशी येऊन बसल्या. "डोळ्याची फांदी वाचवली. ओठांकडच्या दोन गेल्या. गाठीच्या आतच होत्या."

गाठ पूर्ण निघाली म्हणाल्या. मी आरसा मागितला नाही.

९ मार्च

हाल्वर आला. मी म्हटलं, "मला घरी ने." तो बघत राहिला. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. कपाळावर घाम आला त्याच्या. मग खिशातून पेन्सिल काढली आणि हळूच पुढे केली.

"माफ कर," म्हणाला. त्याने का माफी मागावी!

२६ एप्रिल

किरणं देऊन झाली. तोंड कोरडं ठणठणीत. कडक भाकरीचा तुकडा तोंडात तसाच घोळत राहतो, ना ओला होत ना खाली उतरत. बरोबर पाण्याची बाटली, शिवाय दात किडू नयेत म्हणून रोज औषधाची चूळ. लाळ ही काय जपायची वस्तू आहे, असं वाटायचं. आहे!

जेवणाच्या टेबलावर वही ठेवली आहे. वहीत माणूस फक्त कामाचं लिहितो. 'बटाटे संपले.' 'मारेन रविवारी येणार.' खिडकीवरचा तो बावळट समुद्रपक्षी काचेतल्या स्वतःवरच ओरडतोय, हे कोण लिहील? ते मनातच राहतं. असं किती साठलं आहे.

११ जून

जेवताना डाव्या गालावर घाम येतो. भीती वाटली. डॉ. लिंदविक म्हणाल्या, ग्रंथीकडे जाणारे बारीक तंतू वाट चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. खायला बसलं की लाळेऐवजी घाम! होतं असं, घातक नाही. तपासणीतही गाठ कुठे दिसली नाही.

घरी जेवताना पुन्हा घाम आला. हाल्वरने रुमाल घेऊन टिपला आणि स्वतःच्या सुपाकडे वळला.

५ जुलै

त्याने खुर्ची हलवली आहे. आता माझ्या उजव्या हाताला बसतो, जी बाजू हलते तिकडे.

"'प' म्हण." म्हटलं. "'म' म्हण." म्हटलं. "आता 'ब'." लाकूड मापावं तसा डोळे बारीक करून बघतो. मला लाज वाटते, लाळ नाही तर नाही, पण कॉफी ओघळते ओठातून.

"बघू नकोस," मी म्हटलं. त्याला कळलं नाही.

२ ऑगस्ट

आठवडा झाला, तो त्या खुर्चीत बसलेला नाही. कारखान्यातून उशिरा येतो. वहीत नवीन काही नाही.

१० ऑगस्ट

पुन्हा बसला. मीच 'प' म्हटलं.

१९ सप्टेंबर

आज जोरदार भांडलो! हाल्वरने मारेनची होडी मला न विचारता विकली. तासभर मी त्याला फैलावर घेतलं, तो ओरडत राहिला, शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. शेवटी तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "बोकड? मला बोकड म्हणालीस?"

म्हणाले होते. वही तेवढा वेळ समोरच होती, मिटलेली.