नाव घेऊन केलेली प्रार्थना

पप्पा, परवाच्या रविवारी चर्चमध्ये मी प्रभुभोजन घेतलं नाही. भाकरीचं ताट रांगेतून माझ्यापर्यंत आलं आणि मी ते तसंच पुढं सरकवलं. शेजारच्या बाईंनी कोपरानं ढोसलं, "अगं, विसरलीस काय?" महिला मंडळाची प्रार्थना चालवणारी बाई प्रभुभोजन विसरते, हे त्यांच्या गळी उतरेना. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी समेट करून यावं, असं पाळक दर खेपेला सांगतात आणि दर खेपेला मी मान डोलावते. मी विसरले नव्हते, पप्पा. नऊ वर्षं घेत आले, तेव्हा विसरले होते.

तुमची प्रार्थना मला लहानपणी लाजवायची. कोपरखैरण्याच्या आपल्या बैठ्या घरात बुधवारी मंडळी जमायची, सतरंजी टाकलेली, आईनं चहा उतरवून झाकून ठेवलेला. एकेक जण दहा-दहा मिनिटं प्रार्थना करायचा, आणि तुमची पाळी आली की "प्रभू, माझ्यावर दया कर, आमेन." संपलं! मला वाटायचं, आपल्या बापाला येतच नाही. म्हणून मी शिकले. तेराव्या वर्षी मी अशी प्रार्थना करायचे की म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. "पोरीच्या जिभेवर देवानं कृपा केलीय," म्हणायच्या. जीभ होतीच माझी, पण तिच्यावर बसलं होतं कोण, ते मला फार उशिरा कळलं.

एका बुधवारी तुमच्या माथाडी टोळीतले साताऱ्याचे काका दाराशी येऊन बसले होते. आपल्या मंडळीतले नव्हेत, पण प्रार्थना चालू आहे म्हणून टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मार्केटात तेच तुमच्या पाठीवर गोणी चढवायचे. मी डोळे मिटले आणि सुरू झाले. प्रभू, हे काका रोज पिऊन येतात, काकू मोरीत बसून रडते, त्यांना पश्चात्ताप दे. सगळे "आमेन" म्हणाले. मी डोळे उघडले तर दाराशी कुणी नव्हतं.

तुम्ही ओरडला नाहीत. मंडळी गेल्यावर सतरंजी गुंडाळताना एवढंच विचारलंत, "तू कोणाशी बोलत होतीस गं? देवाशी, का त्या माणसाशी?" दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मला वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात नेलंत. मला अजून ती सकाळ दिसते. पायाखाली कांद्याची टरफलं, नाकात तो उग्र वास. काका गोण्यांच्या थप्पीला टेकून बसलेत. तुम्ही सगळ्या टोळीसमोर चपला काढता आणि हात जोडता.

"पोरीचं चुकलं. शिकवणारा मी. माफ करा."

काका दचकून उभे राहतात. "आवो, ह्ये काय करता? हात खाली घ्या आदी. पोर काय खोटं बोलली न्हाय."

"खरं होतं म्हणूनच जास्त लागलं ना," तुम्ही म्हणता. "असलं खरं चार लोकांत सांगायचं नसतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी बशीत चहा ओतून माझ्यापुढं धरला. मी तो प्यायले, पण रागानं प्यायले. मनात म्हणत होते, पितात ते आणि हात जोडायचे आपण? तुमचा तो नमस्कार मला कित्येक वर्षं दुबळेपणा वाटत राहिला.

आता जे झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण ते तुमच्या स्मरणाच्या उपासनेत झालं. याच घरात, त्याच सतरंजीवर. माझा भाऊ दाराशी बसला होता. त्यानं तुमच्या शेवटच्या महिन्यात काय केलं आणि काय केलं नाही, ते तुम्ही पाहिलंच होतं, आणि तरी तो आला की त्याच्या डोक्यावर हात ठेवायचात. मी मात्र डोळे मिटून उभी राहिले. प्रभू, माझ्या भावाला क्षमा कर, बाप तळमळत होता तेव्हा हा गुत्त्यात होता. नाव घेऊन म्हणाले, पप्पा. सगळे "आमेन" म्हणाले. त्यानं चपला घातल्या आणि गेला. कळंबोलीला लोखंडाचा ट्रेलर चालवतो. बसनं तासाभराची वाट, पण नऊ वर्षांत ना तो आला, ना मी गेले.

त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते, हे मी मंडळात अभिमानानं सांगते. खरं म्हणजे देवाकडं त्याची रोज तक्रार घातली, म्हणून त्याला कधी फोन करावा लागला नाही. आई गेली, मग तुम्ही गेलात, आता या घरात माझ्या "आमेन"ला आमेन म्हणणारंही कुणी नाही. फार एकटं वाटतं. प्रार्थना चांगली येते म्हणून कुणी सोबतीला येत नाही.

आज दुपारी फोन लावला. तुमच्यासारखं एका दमात म्हणायचं ठरवलं होतं, माझं चुकलं, माफ कर. पलीकडं गाड्यांचे हॉर्न. तो म्हणाला, "ताई? कोण गेलं?"

कुणी गेल्याशिवाय मी फोन करणार नाही, एवढं तो मला ओळखून आहे. मी म्हटलं, "कुणी नाही रे. जेवलास का?"

"हां, आत्ताच. तू?"

"जेवले," म्हटलं. त्यानं फोन ठेवला नाही, मीही नाही. शेवटी मागून कुणीतरी ट्रेलर पुढं घ्यायला ओरडलं, तेव्हा तो "बरं, ठेवतो" म्हणाला.

माफी राहिलीच. हे पत्र घडी करून सतरंजीखाली ठेवते, टाकणार कुठं? आणि पप्पा, मी जेवले नव्हते. एकटीसाठी मी कधीपासून दुपारचं शिजवत नाही. एवढंसुद्धा मला त्याला खरं सांगता आलं नाही.