चार नंबरचं पॅक

१० नोव्हें. २००२, रविवार
भरवेलीला जाऊन आलो, मनोहरच्या घरी. दिवाळी झाली की येतो म्हटलं होतं, आणखी टाळता येत नव्हतं. कुंदावहिनींनी त्याच्या रेसिंग गाडीचं सामान आधीच काढून ठेवलं होतं. रिमोटची गाडी, टायरांची पिशवी, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चार बॅटरी पॅक. सहा-सहा सेलचे, प्रत्येकावर म.च्या अक्षरात नंबर.

"घेऊन जा भाऊजी. नागपूरच्या रेसले कामी येतीन. हा डबा तं मले घरात नकोच."

काहून, म्हटलं. हळूच म्हणाल्या, "गरम लागते."

हात लावून पाहिला. थंड होता. ऑगस्टात म. गेला तेव्हापासून एकट्या आहेत, होते असं कधी कधी.

१२ नोव्हें.
ऑफिसातून आल्यावर पॅक तपासले. म.चा नियम, पॅक ठेवायचं तर रिकामं करून ठेवायचं. त्यासाठी तीन बल्बांची पट्टी त्यानेच मला करून दिलेली. पॅक जोडायचं, मीटर लावायचा, ५.४ व्होल्टला काढून घ्यायचं. त्याखाली गेलं की एखादा सेल उलटा होतो, पॅक बाद.

नं. १ – १५ सेकंदांत ५.४ वर. नं. २ – २०. नं. ३ – १०. म्हणजे रिकामेच.

नं. ४ – ३४ मिनिटं.

काठोकाठ भरलेलं पॅक एवढं चालते. आणि भरलेलंसुद्धा तीन महिने पडलं तर आपोआप उतरते, पूर्ण देत नाही. वहिनींच्या घरी चार्जर नाही, कधीच नव्हता. म. खाणीच्या वर्कशॉपात चार्ज करायचा.

नं. ४ चा एक कोपरा खरचटलेला आहे. कशाने, ते मला माहीत आहे. आज लिहीत नाही.

१७ नोव्हें., रवि.
पुन्हा तपासलं. मंगळवारी मी स्वतः ५.४ पर्यंत आणलेलं पॅक. १, २, ३ लगेच विझले. नं. ४ – ३५ मि.

शोभा बाजूला बसून शाळेचे पेपर तपासत होती. तिला सांगितलं.

"तुम्हीच चार्जले लावलं असन अन् विसरले असान," ती म्हणाली.

तसं असू शकते. मागच्या महिन्यात एका नाल्याचा नकाशा मी चुकीच्या स्केलवर काढला आणि साहेबांनी दाखवेपर्यंत मला दिसला नाही. ऑगस्टपासून माझ्या डोक्याचा भरवसा नाही.

शोभा उद्या माहेरी जाते, लामत्याला, आठ दिवस. म्हणाली, "तुमचा चार्जर मी सोबत घेऊन जाते. मंग पाहा."

२४ नोव्हें., रवि.
चार्जर आठ दिवस लामत्याला. डब्याला मागच्या सोमवारीच चिकटपट्टी लावून वर सही केली होती. डबा कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

दु. ३ वाजता उघडला. पट्टी जशीच्या तशी. सही माझीच.

नं. ४ कोमट. चार्जरवरून आत्ताच काढलेलं असावं तसं. त्याला खेटून ठेवलेले बाकीचे तीन थंडगार.

बल्बांवर लावलं. लख्ख उजेड, खिडकी उघडी, बाहेर भाजीवाला ओरडत होता. आणि टेबलावर तीन बल्ब जळताहेत. मी समोर बसून होतो. ३६ मि.

शोभा संध्याकाळच्या बसनं आली. दारातच विचारलं, काय झालं. मी आकडा सांगितला. तिनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मनोहरभाऊजींचं काही राह्यलं आहे का तुमच्याकडे?"

नाही म्हटलं.

२६ नोव्हें.
लिहून टाकतो. वाचणारं दुसरं कोणी नाही.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी फोन मी केला होता. माझं पॅक बसलं होतं, माझी रिमोटची गाडी चालवायची हुक्की आली होती. म. म्हणाला, "उद्या आणून देतो बे, आभाय भरून आलं हाय." मी म्हटलं, "किती दूर हाय? येऊन जा ना." तो हो-नाही करत होता. मी म्हटलं, राहू दे, तुझ्यानं नाही होत, आणि फोन ठेवला. मुद्दाम ठेवला. त्याला तसं बोललं की तो निघतो, हे मला माहीत होतं.

निघाला. बालाघाटला, माझ्या घराच्या अलीकडच्या वळणावर ट्रक. नं. ४ त्याच्या पिशवीत होतं. पोलिसांनी पंचनाम्यानंतर ती पिशवी वहिनींना दिली.

तेराव्याला वहिनींनी विचारलं होतं, "भाऊजी, कोणाकडे येऊन राह्यले होते हे?"

मी म्हटलं, माहीत नाही.

२८ नोव्हें.
काल नं. ४ पुन्हा रिकामं केलं होतं. आज भरलेलं.

आता घाबरायचंही राहिलं नाही. फक्त हात लावायच्या आधी कळते की कोमट असेल. शोभानं कपाटातले तिचे कपडे दुसरीकडे हलवले.

१ डिसें., रवि.
भरवेली. वहिनी अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. मी बसलो नाही, बसलो असतो तर बोललो नसतो. फोन मी केला होता, म्हटलं. तो माझ्याकडेच येत होता. मी जबरदस्ती केली.

सूप हलायचं थांबलं नाही.

"मले माहीत होतं."

"कसं?"

"निघताना बोलून गेले ना. अनिलले भरलेलं पॅक देऊन येतो म्हणे, अर्ध्या घंट्यात वापस."

"मंग तेराव्याले मले काहून विचारलं?"

"तुमी सांगसान म्हणून."

त्यांनीच आतून पाणी आणून दिलं. मग मी नं. ४ चं सांगितलं, तारखांसकट. वेड लागलं म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बल्बावर लावता?"

"हौ. रिकामं कराले."

"बल्ब जाळाले थोडीच आणून राह्यले होते ते. गाडीत घालाले आणत होते. तुमच्या गाडीत." सूप बाजूला ठेवलं. "पुढच्या रविवारी आणा. मी पाह्यते."

४ डिसें.
नागपूरच्या रेसला येत नाही असं कळवलं. पॅक तपासलं नाही. डबा उघडलासुद्धा नाही.

८ डिसें., रवि.
भरवेली. सकाळी दहाला खाणीच्या कॉलनीतल्या सिमेंटच्या मैदानावर. इथेच आम्ही दोघं चालवायचो. वहिनी बाजूच्या ओट्यावर बसल्या. नं. ४ माझ्या गाडीत बसवलं, प्लग जोडला. हाताला कोमट.

भरलेल्या पॅकवर गाडी सहा मिनिटं पळते, फार तर सात. मग आवाज बदलतो, वेग उतरतो, बॅटरी संपत आली हे आधी कानाला कळते.

सात झाली. आवाज तोच. दहा. चौदा. बोटं दुखायला लागली पण गाडी वळणावर तशीच कचकन वळत होती, पहिल्या मिनिटासारखी. मी घड्याळाकडे पाहणं बंद केलं, तर वहिनीच ओट्यावरून म्हणाल्या, "वीस झाले."

मोटरचा जळका वास आला. मी गाडी थांबवली.

"काहून थांबवलं?"

"मोटर तापली."

त्या उतरून आल्या. खाली वाकल्या आणि हात ठेवला तो मोटरवर नाही, पॅकवर. बराच वेळ ठेवला.

"अजून हाय ना?"

"हौ."

"थंड होऊ द्या मोटर. मंग चालवू."

ओट्यावर बसलो, दोघं. गाडी मैदानात मधोमध. डिसेंबरची हवा, मोटर पाच-दहा मिनिटांत थंड झालीच असेल. चालवली तर कधीतरी संपेलच. मी उठलो नाही. त्यांनीही उठा म्हटलं नाही.