मागच्या सीटचा निकाल

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज आटोपून वेल्ह्याहून परतताना विंझर सोडल्यावर तो खड्डा. मला दिसला. मोटारसायकलच्या मागच्या शॉकना (शॉकॲब्सॉर्बरना) दिसला नाही. धाडकन आवाज, आणि त्याच्यावर मागं बसलेल्या वै.चा, म्हणजे बायकोचा. तालुक्याचं नाव बदललं, पण खड्ड्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. ते जुन्याच पत्त्यावर आहेत.

नसरापूर फाट्यावर बायको कमरेवर हात ठेवून उतरली आणि सरळ भोरच्या एसटीत जाऊन बसली. पुढं एसटी, मागं मोटारसायकलवर मी, मधे धूर. वाटलं, एकदा तरी मागच्या काचेतून बघेल. भोर आलं.

घरी: "म्या लई सोसलं. आता त्या गाडीवर मी बसायची न्हाई." वै. एरवी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलते. रागावली की थेट माहेरची होते. म्हणजे प्रकरण गंभीर.

२६ ऑक्टो., रविवार

तह झाला. अटी तिच्या. विलासच्या (तिचा भाऊ) मुलीचा साखरपुडा २३ नोव्हेंबरला, वेल्ह्यात. त्या दिवशी भोर ते वेल्हे मागच्या सीटवर बसून जायची तिची तयारी आहे. शेवटची संधी. कमरेला हात न लावता उतरली, तर गाडी राहील. नाहीतर विलासनं आणलेल्या गिऱ्हाईकाला द्यायची आणि चारचाकी घ्यायची.

गिऱ्हाईक कोण, तर हायवेवरचा एक हॉटेलवाला. गाडी चालवायची नाहीये त्याला. जुनं मॉडेल म्हणून दारात उभी करून लोकांनी फोटो काढायचे. मागच्या दोन्ही बॉक्समध्ये मनीप्लँट लावणार म्हणे.

मनीप्लँट!

२८ ऑक्टो.

सीटवर दाबून उठलो. मी उठलो तरी गाडी हेलकावतच राहिली, आभारप्रदर्शन झाल्यावरही बोलणाऱ्या अध्यक्षासारखी. डाव्या शॉकमधून तेल. उजव्यातून तेही नाही. संपलं असणार.

डीलरला फोन. "सर, हे मॉडेल आमच्या सिस्टीममध्ये दाखवतच नाहीये."

म्हटलं, माझ्या पोर्चमध्ये दाखवतंय.

"सर, तुम्ही नवीन गाडीचा विचार केलाय का?" या देशात जुन्याचं काय करायचं विचारलं की सगळे नव्याचाच पत्ता देतात.

३१ ऑक्टो.

वरव्याला सोपानरावांच्या गॅरेजात. माणूस चोख, तोंड माझ्याइतकंच चालू. दोन्ही शॉक एका नजरेत निकालात काढले. "डावा परवा गेला. उजवा लई आधीच गेलाय, तुमाला कळवलं न्हाई त्यानं." दुसऱ्या एका गाडीचे शॉक बसतील, उंची जवळपास तीच, टोकाच्या भोकातले बुश (बारीक नळ्या) तेवढे लेथवर करून घ्यायचे. आणि मागचं चाक धरणारा चिमटा, त्याचेही बुश झिजलेत. तेही करा म्हटलं. सुतकात कंजूषी नको.

२ नोव्हें., रविवार

या आठवड्याचा लेख दिला. संपादकांचा निरोप: "छान, सौम्य झालाय." सौम्य! वीस वर्षांत असा अपमान नाही.

कारण माहीत आहे. लेखातले निम्मे टोमणे मागच्या सीटवरून येतात. वै. माझ्या कानाशी बोलत असते. कुणाचा फ्लेक्स, कुणाच्या मिशा, कुणाचं भूमिपूजन. मी हेल्मेटमध्ये, उत्तर देता येत नाही, म्हणून ती न थांबता बोलते. घरात टीव्ही, मोबाईल, भाजी. चारचाकीत बसली की झोपते, हे मी विलासच्या गाडीत पाहिलंय.

म्हणजे गाडी गेली तर नुसती गाडी जाणार नाही. हे तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर भाव वाढेल.

७ नोव्हें.

शॉक आले. चिमट्याचा बोल्ट निघेना. तेल पाजलं, तापवला, ठोकला. मी शेजारी उभा राहून सल्ले देत होतो. सोपानराव: "साहेब, तुमी लेख लिवा." मग त्यांनी पाना धरला, मी त्याच्या टोकाला पाइप घालून लटकलो, आणि बोल्ट असा कर्रकन सुटला की मी थेट टायरांच्या ढिगात. तरी पहिला विजय. बोल्ट घरी आणलाय. वै. म्हणाली, देव्हाऱ्यात ठेवू नका.

९ नोव्हें., रविवार

बसवले! काळे कुळकुळीत, नवे कोरे. गाडी मागून ताठ उभी, जणू नुकतीच निवडून आलीय.

वरवे ते भोर एकटा आलो आणि दात मोजून घेतले. आधी मऊ भातावर बसल्यासारखं होतं, आता पाट्यावर. वाटलं, नवे आहेत, बसतील. वै.ला हातापाया पडून चौकापर्यंत नेली. पहिल्या स्पीडब्रेकरला उतरली.

"आधी नुसती डुलत होती. आता हाणतीया."

चालत घरी गेली. संध्याकाळी विलासचा फोन: "दाजी, माणूस कुंड्या घेऊन तयार आहे."

११ नोव्हें., मंगळवार

सापडलं!! सकाळी वरव्याला भांडायला गेलो. सोपानराव नव्हते, म्हणून गॅरेजबाहेर थांबलो. समोर रांगेत मोटारसायकली, सगळ्या त्यांच्याच हातच्या, प्रत्येकीच्या मागं दोन बाजूंना दुधाचे कॅन. वाकून बघितलं. प्रत्येक शॉकच्या स्प्रिंगखालची कडी फिरवून शेवटच्या खाचेत, सगळ्यात कडक. माझ्या गाडीची बघितली. तीच खाच.

ते आले तेव्हा विचारलं, कडी शेवटच्या खाचेत का?

"व्हय. समद्यांचीच तशी करतो. मऊ ठिवली तर कॅन भरल्यावर गाडी मागं बसती. आजवर एकाची तक्रार न्हाई."

"सोपानराव, माझ्याकडं म्हैस नाही."

"मग मागं काय असतं?"

"बायको."

त्यांनी कडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मांडीवर थाप मारून हसत सुटले. "तरीच! कॅन बोलत न्हाईत ना साहेब!"

शॉक चांगले, माणूस चांगला, काम चांगलं. फक्त बायको दुधाच्या हिशेबात धरली गेली.

१२ नोव्हें.

आता कडी बायकोच्या हिशेबात बसवायची, तर सोपानरावांना तिचं वजन हवं. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं. आमटी वाढायची थांबली. विषय बदलला.

१५ नोव्हें., शनिवार

शेवटी सगळं सांगितलं, कॅनसकट. वै. आधी लालबुंद. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला. "वजन सांगणार नाही. मीच येते. बसून दाखवते. ते बघतील."

वरव्याला ती एसटीनं, मी गाडीवर. शाळेच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर आहे, त्यावरून तिला घेऊन फेरी, परत गॅरेज, कडी एक खाच सैल, पुन्हा फेरी. "अजून." पुन्हा. "आता मागं लागतंय." एक खाच कडक. सोपानराव पाना घेऊन तिच्यासमोर उभे, मी निव्वळ ड्रायव्हर. चौथ्या फेरीनंतर ती म्हणाली, "डावी आणि उजवी सारखी नाहीये, बघा जरा." आणि नव्हती! डावी एक खाच पुढं राहिली होती.

"वहिनी, तुमी हितंच नोकरीला या."

"येते की. आधी त्या दूधवाल्यांच्या बायका बोलवा, त्यांच्या कमरेचं काय झालंय विचारते."

सोपानराव पाना पुसत पुन्हा कडीशी जाऊन बसले.

परत भोरला ती एसटीनंच. "आज ट्रायल होती. निकाल तेवीसला."

२३ नोव्हें., रविवार

निघालो. साडी बॉक्समध्ये घडी करून, अंगावर पंजाबी ड्रेस. कापूरहोळपर्यंत मागं शुकशुकाट. परीक्षक बोलत नसतात. नसरापूर सोडलं आणि तिनं सुरुवात केली: एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावरचे शुभेच्छुक, त्यांचे गॉगल. मग विलासच्या बायकोनं साखरपुड्याला केलेला थाट. मार्गासनी. विंझर जवळ आलं. तो खड्डा तिथंच, थोडा रुंदावलेला. मी वेग कमी केला.

"हळू कशाला करताय? जाऊ दे की. तर मी काय सांगत होते, वहिनीनं ना मुलाकडच्यांना आधीच—"

गेलो. खड्ड्यात उतरलो आणि वर आलो.

"—सांगून टाकलं की जेवण केटररचं आहे, म्हणजे नंतर नावं ठेवायला आपण मोकळे."

वाक्य तुटलं नाही! खड्ड्यात शिरलेलं वाक्य पलीकडं सबंध निघालं. हेल्मेटमध्ये मी मोठ्यांदा ओरडलो. तिला वाटलं, केटररवर हसलो.

वेल्ह्यात मांडवाच्या दारात विलास आणि शेजारी तो हॉटेलवाला. वै. उतरली. दोन्ही हात वर, हेल्मेट काढायला. कमरेला हात नाही. हॉटेलवाला गाडीभोवती फिरून बॉक्स उघडायला लागला, तर म्हणाली, "थांबा, त्यात माझी पैठणी आहे."

विलास: "दाजी, मग काय ठरलं?"

मी वै.कडं बघितलं. ती पैठणी घेऊन आत गेली.

२४ नोव्हें., सोमवार

काल परत येतानाही मागंच होती, आणि भोरपर्यंत बोलत होती. लेखाचा मजकूर तयार. सौम्य नाही.

सकाळी चहाला विचारलंच: निकाल?

"वेल्ह्याचा रस्ता काय, सरळच आहे. वळणांवर कशी वागते ते कुठं बघितलंय?" बशीत बिस्कीट बुडवत म्हणाली, "वरंध घाटातनं महाडला उतरून बघू. मग सांगते."

विलासचा फोन वाजत होता. तिनंच उचलला. "अरे, आमचं अजून चाललंय. त्याला म्हणावं, कुंड्यांना पाणी घालत राहा."