जहाज बॅण्डची धून

अकोला, ९ फेब्रुवारी १९५८

विसरला ना रे कागदा? परवाच सांगतलं – मी जाईबाई, देवमन बॅण्डमास्तरची माय! बोलणं माह्यं, लिहिणं नातीचं. ललिते, हेही लिही. हसू नको.

देवमन लढाईच्या वक्ती कलकत्त्याले होता. तिथं अमेरिकेच्या काळ्या सोजिरांचा बॅण्ड ऐकला अन् पितळी बाजा घेऊनच घरी आला. म्हणे, "माय, याले जाझ म्हणतात." मले ऐकू आलं जहाज! साऱ्या वस्तीत सांगून आली – माह्या लेकाचं जहाज आलं! बॅण्डच्या पोट्ट्यांनी पाटीवर तेच रंगवलं. गावच्या मोर्णा नदीत गुडघाभर पाणी नाई, पन आमचं जहाज आहे.

१६ फेब्रुवारी

देवमनच्या थुंकीत रक्त. डॉक्टर म्हणे, फुंकणं बंद.

देवमनले एकच पाहिजे – बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत त्याची धून. नागपूरहून दीक्षा घेऊन आला अन् ती बांधली. कोणाच्या लग्नात कधी वाजवली नाई. "आपल्या लोकांची आहे, माय."

२३ फेब्रुवारी

वस्तीचे पंच बुधाजी आले. खाटेवर बसले नाईत. उभ्यानंच – "मिरवणुकीत बॅण्ड नाई, देवमन. पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या दारात वाजवलं, त्याईच्या मयतीपुढं वाजवलं, फडक्यात शिळं घेतलं. दीक्षा घेतली तवा ते सोडलं. आता आपल्याच मिरवणुकीत वाजंत्री?"

देवमन म्हणे, "काका, कलकत्त्याले ज्याईचं वाजवणं मी ऐकलं, त्याईचे आजे गुलाम होते. बाजारात विकले जात. त्याईनं बाजा नाई फेकला, मालक फेकला."

"ते तिकडचे. मले माह्या बापाची वाकलेली पाठ दिसते."

अन् गेले. देवमन खरा आहे. बुढाही खोटा नाई – हेच तं जड जाते!

५ मार्च

धून कुठं लिहिलेली नाई. देवमन गुणगुणते, खोकलते. शेषराव क्लॅरनेटवाला ऐकून वाजवते. मधातच धून वाकडी जाते – रांगेतली पोरगी एकदम घराकडं पळावी तशी.

"चुकली का रे?"

"नाई माय, तेच तं जाझ."

"मले काय सांगतं? जहाज आहे, डुलणारच!"

तो हसला. हसता हसता खोकला. उशी लाल झाली.

आता त्याच्यापाशी गंमत करणं बंद.

१९ मार्च

आवाज बसला त्याचा. धूनीचा शेवटचा तुकडा शेषरावले द्यायचा राह्यलाच. देवमन खाटेवर बोटानं ठोके देते, शेषराव मान हलवते – समजल्यासारखी. समजलं नाई त्याले. दोघंही मले दाखवत नाईत.

२७ मार्च

देवमन गेला. एवढंच लिही.

२९ मार्च

परवा शेषराव बॅण्ड घेऊन आला होता, मयतीपुढं वाजवाले. म्या परत पाठवला. "बाबू, लोकाईच्या मयतीपुढं आपण लय वाजवलं. माह्या लेकापुढं नाई. ती धून जित्या माणसाईची आहे."

बुधाजी खांदा द्यायले आले होते. ऐकत होते.

ललिता इचारते, आजी, रडत काहून नाई? लिही – फुरसत नाई.

१४ एप्रिल

बुधाजी सकाळीच शेषरावच्या दारात! "चाल, बाजा घे. मिरवणूक थांबून राहिली."

धून आमच्या गल्लीतून गेली. म्या ऐकली. शेवटच्या तुकड्यापाशी पोट्टे अडले, बाजे थांबले. मंग बुधाजीनं एकाच्या गळ्यातला ढोल ओढला, आपल्या गळ्यात घातला, अन् पुढची सारी वाट ठोकतच गेला. बाप वाजंत्री होता त्याचा – हात काय इसरते!

चाल, लिहिणं ठेव ललिते. पोट्टे सकाळपासून उपाशी आहेत. गरम भाकरी अन् तुरीचं वरण पाठव. बुधाजीची भाकर वरणात चुरून दे – दात नाईत बुढ्याले.