तिसरा मुद्दा राहिला!

रविवार, २ नोव्हेंबर

औषधाच्या दुकानातला माणूस आज मलाच ऐकवतो! बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, मलम दिलं, आणि कापूस शोधता शोधता एक हात वर करून म्हणाला, "तिसरा मुद्दा राहिला!" मागचे सगळे हसले. त्याला काय ठाऊक, समोर कोणाची लेक उभी आहे. मी कापूस न घेताच निघून आले.

सगळ्या राहुरीच्या तोंडी हेच. शांतवन, माझा सख्खा धाकटा भाऊ, टीव्हीवरच्या शनिवारच्या विनोदी कार्यक्रमात पाळकसाहेब होतो. बाबांचाच पांढरा कोट, बाबांचीच छत्री, मान तिरकी करून बघायची बाबांचीच तऱ्हा. आणि उपदेशात तीन मुद्दे जाहीर करून दोनच सांगायची बाबांची जन्माची खोड! चाळीस वर्षं ज्यांनी पाळक म्हणून खेड्यापाड्यांतल्या चर्चच्या मंडळ्या सांभाळल्या, त्यांचं हे हसं. पाचवी आज्ञा कुठं गेली? आईबापाचा मान कुठं गेला?

सहा वर्षं झाली. कार्यक्रम सुरू झाला त्याच महिन्यात बाबांनी उपदेश करणं सोडलं. कारण विचारायची मला गरज वाटली नाही. टीव्ही मी चर्चमधल्या पोरांच्या शब्बाथशाळेला देऊन टाकला.

चारला बाबा सहादेवभाऊंकडे गेले. चार घरं पुढं. त्यांच्या बायकोच्या, बायडाबाईंच्या, गुडघ्यांसाठी दर रविवारी प्रार्थना – पंचाऐंशीव्या वर्षीही बाबांचा नेम चुकत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

माळ्यावरच्या पेटीत बाबांच्या सायकलचा दिवा सापडला. काच फुटलेली. पुसत बसले आणि लहानपणचं नेवाशाकडचं गाव डोळ्यांसमोर आलं. चर्चला लागून दोन खोल्या, मागे शेवग्याचं झाड. आई हुलग्याची शेंगोळी करायची. शांतू वाटीवर वाटी संपवायचा आणि रस्सा थेट वाटीतून प्यायचा.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गावातला पहिला टीव्ही आला. विनोदी मालिका नेमकी रविवारी संध्याकाळी! आणि रविवारी टीव्ही बघायचा नाही, हा बाबांचा दंडक. आम्ही दोघं तरी पळायचो. बाबा आम्हाला न्यायला यायचे. यायचे, आणि खिडकीबाहेर सायकल पुसत बसायचे – मालिका संपेपर्यंत! एवढी चकचकीत सायकल अख्ख्या तालुक्यात दुसरी नसेल. वाटेत रागवायचे, पण मागून बघितलं तर त्यांचे खांदे हलत असायचे.

आणि आणखी एक आठवलं. शांतू नऊ-दहा वर्षांचा असेल. पेटीवर उभा राहून बाबांची नक्कल करत होता. खांद्यावर टॉवेल, हातात आईची पळी. आई पदर तोंडात कोंबून हसत होती. तेवढ्यात बाबा दारात! बाबांनी नक्कल पुरी बघितली. मग जवळ जाऊन त्याचा हात धरून खाली केला. "माझा हात एवढा वर जात नाही. इथपर्यंतच. हं, आता कर."

हे मी इतकी वर्षं विसरले कशी?

शनिवार, ८ नोव्हेंबर

डोकं दुखतंय. शनिवारी दुखतंच.

रविवार, १६ नोव्हेंबर

 

शेंगोळी केली होती म्हणून सकाळी बायडाबाईंना डबा नेऊन दिला. त्या खूश! "औंदाबी नाताळाला करशील नव्हं? आमचा पाव्हना तुझ्या शेंगोळ्यांचं लई नाव काढतो." दर नाताळात कोणीतरी पाहुणा येतो त्यांच्याकडं. कोण ते कधी विचारलं नाही. जिभेला चव आहे त्याच्या.

ओट्यावर सहादेवभाऊ बसले होते. सहज म्हणाले, "पाळकसाहेब लई हसत्यात बघा, ताई. मागल्या रयवारी तर ठसकाच लागला. म्या पाठ चोळली."

"कशाला हसले?"

"आता कशाला म्हंजी! आपल्या शांतवनचा प्रोग्राम. रयवारी चारला पुन्हा लागतो न्हाई का. आधी हिच्या गुडघ्याची प्रार्थना करत्यात, मंग टीव्ही. आमी म्हनतो, गुडघं बरं झालं तर साहेबांना यायला निमित्त न्हाई उरायचं, म्हनून देवबी दमानं घेतोय!"

भाऊ हसले. मीही दात दाखवले. घरी आले आणि मोरीत उभी राहून रडले. दुःखानं नाही – रागानं! सहा वर्षं मी या माणसाच्या मानासाठी शेजारीपाजारी भांडले. मंडळीच्या पंचांनी चॅनेलला निषेधाचं पत्र लिहिलं, तेव्हा पहिली सही माझी. बाबा म्हणाले होते, "करतो नंतर." मला वाटलं, मन इतकं दुखावलंय की पेनही धरवत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

मी आज काय केलं ते फक्त इथंच लिहिणार. चारला सहादेवभाऊंच्या परसात गेले आणि कढीपत्ता तोडत खिडकीशी उभी राहिले. अर्धा तास! झाडाला पान ठेवलं नाही.

नाटुकलं असं – गावात कोंबडी चोरीला जाते. चोरलेली असते एका गरीब बाईनं, आजारी नवऱ्याला रस्सा हवा म्हणून. पाळकसाहेबांना ते कळतं. ते कोंबडी आपल्या कोटात लपवतात आणि नेमके चोरीच्या पापावर उपदेश करतात. दुसऱ्या मुद्द्याला कोंबडी ओरडते. सगळी मंडळी बघते. पाळकसाहेब छत्री उचलून म्हणतात, "चोर मीच. तिसरा मुद्दा राहिला."

आत बाबा टाळ्या वाजवत होते. आणि मी बाहेर, हातात कढीपत्ता!

ही गोष्ट खोटी नाही. नेवाशाकडच्या गावात हेच झालं होतं. कोंबडीच्या जागी गव्हाची पायली होती, आणि बाबांनी ती स्वतःच्या नावावर घेतली होती. दोन महिने लोक त्यांना तिरकं बोलले. शांतू तेव्हा शाळेत होता. त्यानं ते सगळं जपून ठेवलं आणि लोकांना हसवत हसवत सांगितलं. मी त्याला बापाची अब्रू विकणारा म्हणाले होते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. इथं तरी खरं.

सहा वर्षांपूर्वी शांतवनला मी मोबाईलवर निरोप पाठवला होता – "बाबांनी सांगितलंय, या घराचा उंबरा चढू नकोस." बाबांनी असं काही सांगितलं नव्हतं. त्यांना मी विचारलंही नव्हतं. मला वाटलं, त्यांच्या मनातलंच आपण बोलतोय. त्यानंतर त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. मग यायचे थांबले.

खोटी साक्ष देऊ नको. नववी आज्ञा. शब्बाथशाळेत वीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतली मी ही!

बुधवार, ३ डिसेंबर

नवे पाळक आले होते, महेंद्र पारधे. तरुण आहेत, लाघवी आहेत. "साहेब, नाताळाच्या आधीच्या रविवारी उपदेश तुम्ही करा. सहा वर्षं झाली मंडळीनं तुम्हाला ऐकून." मी पिठाचे हात घेऊन दारातच थांबले. आता बाबा काय म्हणणार!

बाबा म्हणाले, "करतो की. अरे, कवळी हलत होती माझी! 'ख्रिस्त' म्हटलं की बाहेर यायची. भर उपासनेत दात पडले असते तर? मागच्या महिन्यात नवी बसवली."

कवळी! माझी सहा वर्षं कवळीपायी!

रविवार, २१ डिसेंबर

चर्च भरून बाहेर खुर्च्या. बाबा हळूहळू उपदेशाच्या पुलपिटावर चढले. उतारशाळेचा, म्हणजे बेथलेहेमातल्या धर्मशाळेचा, उतारा घेतला – मरिया आणि योसेफ, आणि कुठंच जागा नाही. "आजच्या वचनातून तीन मुद्दे." पोरंटोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली.

पहिला मुद्दा, दारात उभे राहिलेले. दुसरा, दार न उघडणारा. "तो माणूस वाईट नव्हता," बाबा म्हणाले. "त्याला वाटत होतं, आपण घर राखतोय." मी मान वर केली नाही. बाकाच्या फळीवर कोणीतरी कोरलेलं नाव वाचत राहिले.

मग बाबा थांबले. घड्याळाकडं बघितलं. बाबांनी मान तिरकी केली, शांतवन करतो तश्शी, आणि हात वर नेला. स्वतःचा जातो त्याहून वर, शांतवनचा जातो तिथपर्यंत. "तिसरा मुद्दा राहिला!"

काय हसले लोक! महेंद्र पाळक खांबाला टेकले. आणि मीही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई हसायची तशी, पदर तोंडात कोंबून.

उद्या बाबांना सगळं सांगायचं. मग शांतवनला फोन. त्यानं उचलला नाही तर? सहा वर्षांचा राग त्याचाही असणार. असायलाच हवा.

सोमवार, २२ डिसेंबर

सांगितलं. निरोप माझा होता, बाबा, तुमचं नाव लावून धाडला. बाबा चहात पाव बुडवत होते. म्हणाले, "ठाऊक आहे. त्याच आठवड्यात त्यानं सहादेवच्या फोनवर मला विचारलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलणार होतो. तोच नको म्हणाला. म्हणाला, अक्काला खाली बघायला लावू नका. तिचा राग जाईल तेव्हा तीच बोलवेल. तोवर नाताळाला मी सहादेवभाऊंकडं उतरेन."

चार घरं पुढं! आणि मी दर वर्षी बायडाबाईंच्या पाहुण्यासाठी शेंगोळ्यांचा डबा भरून देत होते.