लोकप्रियतेला फाटा

आळेफाटा,
सोमवार (गॅरेज बंद, म्हणून अक्षर बरं आहे)

प्रिय मोहितशेठ यांस,

कपिलचा जयभीम, आणि तुझ्या घरच्या सगळ्यांना जय जिनेंद्र. इकडे आम्ही ठणठणीत आहोत, तुम्हीही हुबळीत तसेच असाल. रिद्धीवहिनींची मान आता कशी आहे? (गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकायला सांग, हा आईचा निरोप.) फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणून मला ठेवून देतोस. पत्र मात्र गिऱ्हाईक आलं तरी गल्ल्यावर पडून राहतं आणि ते गेल्यावर पुन्हा वाचावं लागतं.

तर आपल्या बँडचा सत्कार झाला. दचकू नकोस, आधी ऐक. पुण्याच्या एका पेपराच्या रविवारच्या पुरवणीत मथळा आला, ‘लोकप्रियतेला फाटा! आजवरचे सर्वोत्तम मराठी रॉक बँड’. चिमाजीअण्णांनी आपल्या चहाच्या टपरीवर तो मोठ्यानं वाचला, आणि खालची यादी वाचायच्या आत त्या पानात कुणाचा तरी वडापाव गेला. आता आपल्याकडं ‘सरपंचपदाला सोनीबाई’ म्हटलं की सोनीबाई निवडून आल्या असा अर्थ होतो. त्याच हिशेबानं लोकप्रियतेला कोण, तर फाटा. आणि फाटा म्हणजे आपणच, ज्यांनी आळेफाट्यावर पिकअपची वाट बघता बघता बँडला दुसरं नाव न सुचल्यामुळं हेच ठेवलं. अण्णा पळत गॅरेजात आले. ‘‘आरं कपिल, पुण्यानं मानलं की राव तुमाला. लोकप्रियतेत तुमीच, दुसरं कोन न्हाई.’’ मी स्पार्क प्लग घासत होतो, तो हातातून पडला. खोटं कशाला सांगू, मला ते लगेच पटलं.

पटणार नाही तर काय? ‘टपावर बस’ आपण सुरू केलं की यात्रेतली माणसं खरोखर टेम्पोच्या टपावर चढायची. जुन्नरच्या बाजारात भाजीवाल्या बायका मला अजून ‘टपावाला’ म्हणतात. (आईला मात्र आपला बँड राकेलचाच वाटतो. ‘‘तुमचा राकेल बँड बंद झाला ते बरं झालं, घराला आग लागली असती,’’ असं ती परवाच म्हणाली.) व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली, फ्लेक्स लागला, आणि फ्लेक्सवर मधोमध तुझा फोटो. तुझा सुटा फोटो मिळेना म्हणून लग्नातला टाकलाय, त्यामुळं बँडमध्ये तू एकटाच फेटा बांधून, गळ्यात हार घालून उभा आहेस. नवनाथ (आपला बेसवाला, सध्या टोमॅटोची गाडी चालवतो) म्हणाला, की निदान मोहित तरी सत्काराला साजेसा दिसतोय.

शाल आणि नारळ हातात आले आणि तेवढ्यात ज्योत्स्ना माझ्या शेजारी येऊन बसली. तुझी वहिनी शाळेत मराठी शिकवते हे मी ऐन वेळी विसरतो. तिनं मोबाइलवर सगळी पुरवणी वाचली होती. कानात म्हणाली, ‘‘अहो, फाटा देणं म्हणजे वगळणं. लोकप्रियता बघायची नाही असं ठरवून केलेली यादी आहे ती. तुमचं नाव त्यात कुठंच नाही.’’ म्हणजे आपल्याला अगदी नाव घेऊन फाट्यावर मारलं होतं. समोर गर्दी, अंगावर लोकरीची शाल आणि वर बाराचं ऊन. मी माइकवर ‘रसिकांचं प्रेम’ एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. टाळ्या मात्र थांबेनात.

घरी येऊन मी ती यादी वाचली. पहिल्या क्रमांकाचा बँड फारसा कुणी ऐकलेला नाही, आणि त्यातच त्याचा मोठेपणा आहे असं लिहिलंय. मग ज्यांना सगळ्यांनी ऐकलं त्यांनी काय गुन्हा केला? यादी करणारे गृहस्थ तुला आठवतील. मंचरला आपण वाजवलं तेव्हा खुर्चीवर उभे राहून रुमाल फिरवत होते, आणि खुर्ची मोडल्यावर दुसरी मागून घेतली. एवढं नाचून माणूस घरी जातो आणि लिहायला बसला की त्याला काहीच आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

सत्काराला तुझे वडील जुन्नरहून आले होते, पुढच्या रांगेत बसले. आपल्या वाजवण्याला डबडी बडवणं म्हणणारे रमणलालशेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘सूनबाई सांगत व्हती, मोहित कापड मोजता मोजता मीटरपट्टी गल्ल्यावर वाजवतो. गिऱ्हाईक हसतं म्हणं.’’ हसले नाहीत ते. मोहित, तू गेल्यावर आम्ही दुसरा ड्रमवाला बघितला होता. पोरगा चांगला, पण अगदी वेळेवर वाजवतो. तुझा एक ठोका कायम जरा मागं पडायचा आणि मी आणि नवनाथ तिथं क्षणभर टेकायचो. आता टेकायला जागाच नाही, म्हणून वाजवणं सुटलं. तुझी फार आठवण येते, हे सरळच लिहितो.

घरातल्या थोरांना नमस्कार. गिऱ्हाईक खोळंबलं असेल, त्याला आधी बघ.

तुझा,
कपिल

ता. क. : चैत्रातल्या यात्रेत आपला कार्यक्रम ठरलाय. तुला विचारायचं राहिलं, पण फ्लेक्स तोच वापरायचा असल्यानं तुला यावं लागेल. तुझे ड्रम कांद्याच्या चाळीत नीट आहेत. मोठ्यावर आईनं कुरडया वाळत घातल्यात, त्या तोवर निघतील.

ता. क. २ : यादी करणाऱ्याला काही आठवलं नाही म्हणून वाईट वाटलं, असं वर लिहिलंय, ते तितकंसं खरं नाही. नाव आलं असतं तर तू हुबळीत ते वाचलं असतंस आणि गिऱ्हाईक नसताना आपण होऊन फोन केला असतास. मला ते नाव एवढ्यासाठीच हवं होतं.

ता. क. ३ : उत्तराला फाटा दिलास तरी चालेल. फक्त फाट्यावर उतर.